देवकीबाईंच्या अभ्यासिकेतली वायुबाधा

नागपूरच्या नंदनवन भागातल्या देवकीबाईंच्या अभ्यासिकेत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी पुस्तकं मिटून, खुर्च्यांवर चढून एका काळ्या डब्याकडे बघत होती. डब्यावर झेंडूचा हार, डब्यापुढे नारळ, आणि नारळापुढे वायुनाथ महाराज. वाय-फाय हवेतून येतं म्हणून हवेचे नाथ! बाबानं नाव तरी हिशेबानं घेतलं होतं.

"ह्रीं क्लीं सिग्नलाय फट्! आता पडन!" महाराज गरजले.

डब्याच्या स्क्रीनवरची हिरवी पट्टी लाल झाली. साऱ्यांचं नेट गेलं. गर्दीनं हात जोडले.

हा डबा म्हणजे सर्व्हर, वाय-फायचा दरवान. नाव आणि पासवर्ड विचारायचा, खातरी पटली की आत सोडायचा. पण हल्ली हा दरवान कधीही, विनाकारण आडवा पडायचा. देवकीबाईंची सून हिमानी कॉम्प्युटर शिकलेली. तिनं वायरी बदलल्या, वीज तपासली, पुन्हा पुन्हा स्वतः लॉगिन करून पाहिलं. तिच्यापुढे मेला कधी पडायचा नाही.

"पाहिलं?" महाराज म्हणाले. "देवी कोपली. या सूनबाईची सावली डब्यावर पडते. तिले माहेरी धाडा."

हिमानीची भरलेली बॅग दाराशी ठेवलेलीच होती. ती भरली होती तिच्या नवऱ्यानं, अंकितनं. इंजिनिअर!

"आई, थोडे दिवस जाऊ दे ना तिले," तो पुटपुटला. "पोरं अभ्यासिका सोडून चालले."

"तुले इंजिनिअर केलं ते नारळापुढे बसायले काय रे?" देवकीबाई कडाडल्या. "लाज वाटत नाही?"

त्यांची शाळा चौथीतच सुटली होती. पण सगळे डब्याकडे बघत असताना त्या माणसांचे हात बघत होत्या. महाराजांचा चेला सौरव डोळे मिटून जप करत होता. ओठ हलत होते, हे ठीक. पण त्याच्या भगव्या झोळीत अंगठा काहून हलून राहिला होता? आणि हा चेहरा ओळखीचा होता. उन्हाळ्यात हाच पोरगा इथं अभ्यासाला बसत होता की!

"हिमानी, डबा चालू कर वं." पट्टी हिरवी झाली. "हां महाराज, देवीले परत बोलवा. पण चेल्यानं दोन्ही हात नारळावर ठेवावे."

महाराजांनी डोळे फिरवले, अंग घुमवलं, घसा बसेपर्यंत फट् फट् केलं. पट्टी हिरवीच.

"देवी रुसली," महाराज घाम पुसत म्हणाले.

"रुसली का तिचा अंगठा नारळावर अडकला?"

देवकीबाईंनी झोळीत हात घातला, मोबाईल काढला आणि सुनेच्या हाती दिला. लॉगिनचं पान उघडंच होतं. हिमानी मोठ्यानं वाचू लागली, "सौरव रुपराव उमाळे, मुक्काम पोस्ट खापा, तालुका सावनेर, जिल्हा नागपूर... अगं आई! नावाच्या रकान्यात आख्खा पत्ता!"

"मग? आम्ही बी असंच लिवतो," कामिनी नावाची पोरगी म्हणाली. "परीक्षेच्या फॉर्मवर लिवतो तसं."

हिमानीनं कपाळावर हात मारला. "या प्रोग्रामला एवढं लांब नाव सोसत नाही. ते आलं की तो कोसळतो. आणि मी मूर्ख, रोज नुसतं 'हिमानी' टाकून बघत होते!"

नवी पोरं आली, त्यांनी गावासकट नाव लिहिलं, की डबा पडायचा. एवढीच ती देवी. सौरवला इथं बसल्या बसल्या ते कळलं. त्यानं सांगितलं मात्र नाही, महाराज गाठले.

देवकीबाईंनी त्या मोबाईलवरचं लॉगिनचं बटण स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं. पट्टी लाल!

"घ्या, माझ्या बी अंगात आली! लिंबू काढा कोणी!"

हशा उसळला. महाराज चपला शोधू लागले.

"थांबा की. तो हार घेऊन जा, डबा तापून राहिला."

संध्याकाळपर्यंत हिमानीनं नावाच्या रकान्याला लगाम घातला, प्रोग्रामही सुधारला. मग कोणी कितीही लांबलचक नाव लिहो, डबा पडला नाही.

"अंकित, ती बॅग उचल," देवकीबाई म्हणाल्या. "जशी भरली तशी रिकामी कर. आणि पोरंहो, तुम्ही उद्याचे साहेब, तुम्हीही ऐका. यंत्र पडलं तर कारण शोधायचं. बाई नाही शोधायची."