गेलेल्या मुलांची नावं

वेदला सिकल सेल हा रक्ताचा आजार आहे असा हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा तो जेमतेम काही दिवसांचा होता. बातमी ऐकल्यावर त्याच्या आजोबांच्या, कुमाररावांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "म्हणजे फेमीकडून आलं."

फेमी हा त्यांचा जावई. आईवडील नायजेरियातले, योरुबा भाषिक. तो स्वतः ह्यूस्टनमध्ये वाढलेला, शाळेत गणित शिकवणारा. मुलीने, सुमेधाने, त्याच्याशी लग्न केलं तेव्हा कुमाररावांनी शुगर लँडच्या मराठी मंडळींना थाटात जेवण दिलं होतं, पण मनात नापसंतीचा एक कोपरा राखून ठेवला होता. आता तो कोपरा कामी आला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं की हा आजार एका बाजूने येत नाही, दोन्हीकडून यावा लागतो. कुमाररावांनी मान डोलावली. जन्मभर पाइपलाइनची डिझाइनं केलेला माणूस, त्यांना चित्र कळत होतं. संध्याकाळी ते मुलीला म्हणाले, "मग तुझ्या आईकडून असणार. चारुताचं माहेर चंद्रपूरकडचं, पार जंगलपट्टीतलं. आमच्याकडे असलं काही नाही."

चारुताबाई वारल्या त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या काय उत्तर देणार? सुमेधा बाळाला उचलून आत गेली. बाळंतपणाने थकली असेल, असं त्यांनी धरलं.

वेद मोठा झाला तो दुखण्याच्या मधल्या फटींमधून. चांगला असला की घरभर सॉकर खेळायचा. मग एखाद्या दिवशी पाय धरून बसायचा आणि त्याचं रडणं ऐकवत नसे. यंदा ऑगस्टमध्ये, तो सात वर्षांचा असताना, दुखणं छातीत गेलं. आयसीयू झालं, रक्त चढवून झालं, आणि पोर घरी आलं ते हाडांचा सापळा होऊन.

तेव्हा फेमीच्या आईने निरोप पाठवला. रविवारी आमच्या चर्चमध्ये वेदसाठी प्रार्थना आहे, दोन्ही घरांतली वडीलधारी माणसं हवीत.

"ते लोक औषधं बंद करायला लावतात," कुमारराव म्हणाले. "मी वाचलंय. नुसतं पाणी पाजतात."

"बाबा, प्लीज. फक्त या," सुमेधा म्हणाली. "एवढंच मागतेय."

ते गेले, पण पहारा द्यायला गेल्यासारखे.

चर्च म्हणजे नैऋत्य ह्यूस्टनमधल्या एका दुकानांच्या रांगेतला गाळा, शेजारी टायरवाला. दारात चपला-बुटांचा ढीग. आत अनवाणी, पांढरेशुभ्र पायघोळ झगे घातलेली माणसं, मेणबत्त्या, पितळी घंटा, आणि वेदीपाशी पाण्याच्या बाटल्यांची ओळ. बूट काढताना कुमाररावांना क्षणभर देवळात आल्यासारखं वाटलं आणि त्या वाटण्याचा त्यांना रागही आला.

फेमीची आई मोरेनिके ही तिथली प्रमुख. नर्स म्हणून निवृत्त झालेली, भरदार आवाजाची बाई. योरुबातही बापाला बाबाच म्हणतात, आणि माणसाला त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. म्हणून ती कुमाररावांना 'बाबा सुमेधा' म्हणायची.

"बाबा सुमेधा, तुम्ही पहिल्यांदाच आलात, म्हणून सांगते," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "माझे आजोबा तरुण असताना मोठ्या तापाची साथ आली. पहिलं महायुद्ध संपत होतं. सरकारने शाळा बंद केल्या, मिशनची चर्चंही बंद केली. गोऱ्या डॉक्टरांकडे औषध नव्हतं, आमच्या वैदूंची मुळी चालेना. तेव्हा काही जण एका घरात जमून प्रार्थना करायला लागले. एक कारकून, एक सोनार, एक मास्तर, आणि माझे आजोबा. त्यांच्यातल्या एकाला स्वप्न पडलं की पावसाचं पाणी धरा, त्यावर प्रार्थना करा आणि आजाऱ्याला द्या. काही जगले, काही मेले. जगले त्यांनी हे चर्च काढलं."

लोक "आमेन" म्हणाले. ती पुढे सांगू लागली.

"औषधाने दगा दिला म्हणून औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं त्यांनी ठरवलं. माझे वडील याच चर्चचे सेवक. माझ्या भावाला हाच आजार होता, वेदचा. माझ्या बापाने त्याला पाणीच दिलं, शेवटपर्यंत. गावात दवाखाना होता. चालत जाता येईल इतक्या जवळ होता."

मग तिने रीत सांगितली. आजारी मुलासाठी प्रार्थना करण्याआधी घरच्या मोठ्यांनी उभं राहून, त्या घरातून गेलेल्या मुलांची नावं मोठ्याने घ्यायची. ज्याचं नाव कोणी घेत नाही ते मूल दारातच उभं राहतं आणि जिवंत मुलाला खेळायला बोलावतं.

"डायो," ती म्हणाली. "माझा भाऊ. आम्ही त्याला मरू दिलं."

सगळ्यांनी मागून म्हटलं, "डायो."

फेमीच्या एका काकाने दोन नावं घेतली. मग सगळे कुमाररावांकडे वळले.

ते उभे राहिले. आणि नागपुरातल्या महाल भागातली खोली, खाटेवर गुडघे पोटाशी धरून पडलेला सुमंत, सगळं एकदम समोर आलं. त्यांचा धाकटा भाऊ. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी घरी येऊन दार लावून बजावलं होतं, "हा शब्द या घरात निघता कामा नये. हा जंगलपट्टीतल्या त्या लोकांचा आजार. कोणी विचारलं तर संधिवात सांगायचं. आपल्या पोरीचं, सुशीचं, उद्या लग्न करायचंय." त्यामुळे पुन्हा कॉलेजात नेणंही झालं नाही, तिथे ओळखीचे लोक भेटतील ही भीती. सुमंत नवव्या वर्षी गेला. संधिवाताने.

"बाबा सुमेधा?"

"आमच्याकडे कोणी नाही," कुमारराव म्हणाले आणि बसले.

मोरेनिकेने वेदला पुढे बोलावलं. घंटा वाजली, गाणी झाली, वेदच्या डोक्यावर हात ठेवून तिने बराच वेळ प्रार्थना केली. मग बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं, झग्याच्या खिशातून त्याची रोजची कॅप्सूल काढली आणि त्याच पाण्याबरोबर ती त्याला गिळायला लावली.

परतताना सुमेधा एकटीच त्यांना सोडायला निघाली. गाडी हायवेला लागली.

"आत्याने मला सांगितलंय," ती म्हणाली. "वेद एक वर्षाचा असताना. सुमंतकाकांबद्दल."

कुमाररावांनी सीटबेल्ट नीट केला. "सुशीला काय कळतंय? लहान होती ती."

"सहा वर्षं वाट बघतेय मी, बाबा. I thought, आज तरी सांगाल. ती बाई सगळ्यांसमोर आपल्या बापाचं पाप बोलली. तुम्हाला फक्त एक नाव घ्यायचं होतं."

"तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. आत्याचं लग्न..."

"आत्याला नातवंडं आहेत आता. तेव्हाचं नाही विचारत मी. तुम्ही आईचं नाव पुढे केलंत. ती नाही म्हणायला नव्हती म्हणून."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. घरापाशी तिने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही. "औषधं वेळेवर घ्या," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. वेदचं कसं आहे ते फेमी मेसेज करून कळवू लागला. कुमाररावांनी दिवाळीला बोलावलं तर सुमेधाचं उत्तर आलं की वेदला गर्दीत न्यायचं नाही. मराठी मंडळाच्या फोटोंमध्ये मग ते तिघे दुसऱ्यांच्याच घरी दिसले.

नोव्हेंबरात फेमीने फोन केला. चर्चमध्ये वेदसाठी पुन्हा प्रार्थना झाली होती. "तुमच्या जागी सुमेधा उभी राहिली," तो चाचरत म्हणाला. "सुमंतकाकांचं नाव घेतलं तिने. सगळ्यांनी मागून म्हटलं. तुम्हाला कळावं म्हणून सांगतो."

कुमारराव फोन धरून उभे राहिले. त्या गाळ्यात, टायरवाल्याच्या शेजारी, सुमंतला कधी न पाहिलेली पन्नासेक माणसं त्याचं नाव घेत होती. वेडंवाकडंच म्हटलं असणार त्यांनी. कुमाररावांना रडू नाही आलं, संताप आला. माझा भाऊ होता तो, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"माझं जेवण व्हायचंय अजून," ते म्हणाले आणि फोन ठेवला.