दगडाचा हातमोजा

मित्रांनो, मी जुना आहे, फाटका आहे आणि जोडीतला एकटाच उरलेला उजव्या हाताचा मोजा आहे. पण म्हणून मला कुणी लोकरीच्या नाहीतर सुती मोज्यांच्या रांगेत बसवू नये. मी दगडाचा आहे! हसलात ना? सगळेच हसतात. डोंगराच्या पोटात एक दगड सापडतो. तो कुटला की त्याचे तंतू सुटतात, अगदी रेशमासारखे मऊ. त्याला ॲस्बेस्टॉस म्हणतात. ते तंतू कातून, विणून, शिवून एका कारखान्यात मला घडवलं. मी जळत नाही, वितळत नाही, करपत नाही. कारखान्यातल्या माणसाने मला पेटत्या चुलीवर धरून दाखवलं, तेव्हा बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिथून मी थेट नौदलात गेलो. साठच्या दशकातली गोष्ट. आमचं जहाज तोफा डागणारं नव्हतं बरं का. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल, पाणी, पीठ, कांदे-बटाटे पोचवायचं आमचं काम. मोठी जहाजं आम्हाला 'दूधवाला' म्हणून चिडवत. चिडवू देत! दूधवाला आला नाही की घरात काय हलकल्लोळ होतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

जहाजाच्या पोटात बॉयलरची खोली होती. तिथे मैनुद्दीन माझा धनी झाला. पुण्याच्या कसबा पेठेतला, काटक अंगाचा, गाणं गुणगुणत बॉयलर पेटता ठेवणारा स्टोकर. त्याचा जोडीदार होता वारजे गावचा हिंदुराव. दोघांचं एका ताटात जेवण आणि एका वाक्यात भांडण. त्या खोलीतल्या सगळ्या वाफेच्या नळ्यांना माझ्याच जातीचं पांढरं आवरण गुंडाळलेलं असे. जहाज हललं की त्याचा भुगा खाली पडे. दुरुस्तीच्या वेळी तर ते खरवडून काढावं लागे आणि सगळी खोली पिठाच्या गिरणीसारखी पांढरी होई. मग मैनुद्दीन मूठभर भुगा हिंदुरावच्या डोक्यावर टाकून म्हणे, "घे, म्हातारा झालास!" हिंदुरावही सोडत नसे. दोघे पांढरेफटक होऊन पोट धरून हसत. मलाही फार मजा वाटे. अहो, सगळीकडे माझेच भाऊबंद उडत होते, मला वाईट का वाटेल?

एकदा मात्र जिवावर बेतलं. शेजारी एक लढाऊ जहाज तेल घेत होतं आणि आमच्या खोलीत वाफेची नळी फुटली. झडपेचं चाक लालबुंद तापलेलं. बाकीचे मागे सरले. मैनुद्दीनने मला आणि माझ्या डाव्या भावाला चढवलं, 'या अल्ला' म्हणाला आणि चाक फिरवलं. झडप बंद झाली. त्याच्या तळहाताला साधा फोडही आला नाही. वर डेकवर साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मैनुद्दीनने आनंदाच्या भरात दोन्ही हात हवेत फेकले आणि माझा डावा भाऊ सुटून समुद्रात गेला! तेव्हापासून मी एकटा. पण मैनुद्दीनने मला प्राणापलीकडे जपलं. नोकरी संपली तेव्हा रीतसर परवानगी काढून तो मला घरी घेऊन आला.

घर म्हणजे कसबा पेठेतली त्याच्या वडिलांची छोटी बेकरी. पुण्यातली जुनी रीत तुम्हाला माहीत असेल. मैदा, तूप, साखर घरचं न्यायचं आणि बेकरीतून नानकटाई भाजून आणायची. आपल्या तुपाची नानकटाई आपल्याच डब्यात पडते की नाही, हे बघायला गिऱ्हाईक भट्टीपाशी डोळ्यांत तेल घालून उभं राहणार, हा त्या रीतीचाच भाग. शनिवार पेठेतल्या सुहासिनीबाई तर या बाबतीत हवालदारच. एकदा म्हणाल्या, "मैनूभाई, गेल्या खेपेला आमच्या तुपाचा वास आमच्या नानकटाईला कमी आणि शेजारणीच्या नानकटाईला जास्त येत होता. वाऱ्याने गेला असेल, नाही का?"

मैनुद्दीन हसून म्हणाला, "बाई, या वेळी तुमच्या ट्रेवर वारासुद्धा फिरकू देत नाही."

त्या भट्टीतून तापलेले ट्रे ओढायला मीच. काय दिवस होते ते! वेलचीचा घमघमाट, दारात डब्यांची रांग, आणि लोक म्हणत, "मोजा बघा, नेव्हीचा आहे!" मैनुद्दीन प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला झडपेची गोष्ट सांगे आणि दर वर्षी ते चाक थोडं जास्त तापलेलं असे. काम संपलं की पीठ झाडायला तो मला चौकटीवर फटाफट आपटी. त्याची बायको अख्तरबानू मला ठिगळं लावी. त्यांची मुलगी बिलकिस लहानपणी मला डोक्यावर टोपीसारखं घाले. लाडाला नुसता ऊत आला होता.

पुढे मैनुद्दीनला खोकला लागला. कोरडा, चिवट खोकला. मग जिना चढताना दम लागू लागला. त्याचं गुणगुणणं बंद झालं. अख्तरबानू म्हणे, "अहो, डॉक्टरांना दाखवा तरी." हा म्हणे, "अगं, पिठाचा खोकला आहे. माझ्या अब्बांनाही होता. भट्टीवाल्याला खोकला आणि शिंप्याला चष्मा, चालायचंच." सगळ्यांना ते पटलं. ज्येष्ठमध आला, आल्याचा काढा आला, नाकाला फडकं आलं. खोकला काही हटेना.

बिलकिस बी.कॉम. झाली आणि म्हणाली, "अब्बा, मी बँकेत नाही जाणार. भट्टी मी बघते." मैनुद्दीनचा आनंद गगनात मावेना. त्याने जाहीर करून टाकलं की ईदच्या आदल्या दिवशी तो सगळ्यांसमोर मला बिलकिसच्या हातात चढवणार आणि भट्टी तिची होणार. मित्रांनो, मी तर हरखूनच गेलो. म्हाताऱ्या मोज्याला तरुण हात मिळणार होता!

तो दिवस उजाडला. दारात ही गर्दी. सुहासिनीबाई सगळ्यांत पुढे, कारण त्यांचाच ट्रे भट्टीत होता. मैनुद्दीनने बिलकिसच्या हातात मला घातलं. तिचा हात लहान, मी ढगळ, तरी मी ताठ उभा राहिलो. माझ्यावर जुनं पीठ बसलं होतं. ते झाडायला बिलकिसने अब्बांसारखाच हात चौकटीकडे उगारला.

"पोरी, थांब! झटकू नगं!"

दारात एक हडकुळा म्हातारा चौकट धरून उभा होता. एका पायरीने त्याला धाप लागली होती. मी ओळखलंच नाही. मैनुद्दीनने ओळखलं.

"हिंदुराव? अरे, किती वाळलास!"

"माझं ऱ्हाऊ दे. आधी त्यो मोजा हळू काढ तिच्या हातातनं. त्यातनं जहर उडतंय."

मला असा राग आला म्हणता! जहर? मी? ज्याने भर समुद्रात हात वाचवला तो मी?

मैनुद्दीनही भडकला. "काय बोलतोस हिंदू? तू होतास ना तिथे? हा मोजा नसता तर माझा हात राहिला असता का?"

"हात वाचला रं. छातीचं काय?" हिंदुराव खाली बसला, दम घेत घेत बोलू लागला. "माझा खोकला बी मी तंबाखूचा समजत हुतो. डॉक्टरनं फोटो काढला छातीचा. मला इचारलं, काम काय करत हुतासा? म्हनलं, जहाजावर. बॉयलरवर. त्यो म्हनला, मग हे तिथलंच. आपन डोस्क्यावर टाकत हुतो ना पांढरा भुगा, त्यो छातीत जाऊन बसतो. वीस-तीस वर्सं गप ऱ्हातो आन मग डोकं वर काढतो. मैन्या, ईदला बोलावताना तू पत्रात लिवलंस त्यो खोकला पिठाचा न्हाई. जहाजाचा हाय. आन ह्यो मोजा त्याच भुग्याचा हाय."

मैनुद्दीनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. स्वतःच्या खोकल्याचं त्याला काही नव्हतं. तो बघत होता बिलकिसच्या हाताकडे, आणि लहानपणी मला टोपी करून नाचणारी ती त्याला आठवत असणार. मला तर आठवतच होती. वाटलं, आत्ताच्या आत्ता समुद्रात भावापाशी जावं.

तेवढ्यात सुहासिनीबाई म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. आमची नानकटाई तेवढी जळतेय."

भट्टीतून खरंच करपट वास येत होता. मैनुद्दीनने मला बिलकिसच्या हातातून अलगद, न झटकता उतरवलं. पण ट्रे ओढायचा कशाने? अख्तरबानू आत धावली, पलंगावरची गोधडी उचलली आणि तिची चौपदरी घडी लेकीच्या हातात कोंबली. बिलकिस पुढे झाली. जाळाने तिचं तोंड लाल झालं. तिने दात-ओठ खाऊन ट्रे ओढला आणि फळीवर ठेवला. भट्टी तिची झाली, ती अशी. माझ्याविना!

सुहासिनीबाईंनी एक नानकटाई फुंकून तोंडात टाकली. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. "जरा लाल झालीय," त्या म्हणाल्या, "पण खाण्यासारखी आहे." चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून एवढी स्तुती कुणी ऐकली नव्हती. रडवेली बिलकिससुद्धा खुदकन हसली.

ईद झाल्यावर हिंदुराव त्या तिघांना आपल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासण्या झाल्या. निकाल येईपर्यंत मैनुद्दीनला घास गोड लागेना. "मला काय व्हायचं ते होऊ दे," तो पुन्हा पुन्हा म्हणे, "या दोघींना काही निघायला नको." मी ताकात मिठासारखा विरघळलो असतो तर बरं, असं मला वाटे. पण मी न विरघळणाऱ्या जातीचा.

निकाल आला. मैनुद्दीनच्या फुप्फुसांवर व्रण आहेत आणि ते जाणार नाहीत. पण त्याहून भयंकर असं काही निघालं नाही. विडी बंद, फिरणं चालू आणि दर वर्षी तपासणी. आणि अख्तरबानू, बिलकिस? दोघींची फुप्फुसं स्वच्छ! पुढेही लक्ष ठेवा म्हणाले डॉक्टर, पण आज स्वच्छ. मैनुद्दीन दवाखान्याच्या दारातच हिंदुरावच्या गळ्यात पडला. दोघे म्हातारे लहान पोरांसारखे रडले आणि हसले, आणि मग दोघांनाही एकदमच खोकला आला.

घरी येऊन त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. सगळं दुकान ओल्या फडक्याने पुसून घेतलं, झाडू लावला नाही. माझ्यावर पाणी शिंपडून मला चिंब केलं. एका जाड पिशवीत घातलं, ती दुसऱ्या पिशवीत, आणि वर चिकटपट्टी. घातक कचरा नेणाऱ्या लोकांना फोन झाला. मग मैनुद्दीनने मला टेबलावर ठेवलं, ताठ उभा राहिला आणि कडक सलाम ठोकला. हिंदुरावनेही ठोकला. मोज्याला ऊर नसतो म्हणतात, पण माझा भरून आला.

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी तुम्हाला विनवतात, आम्हाला फेकू नका, आम्हाला जपा. मी उलटंच विनवतो. माझ्या जातीचं काही घरात असेल, तर त्याला खरवडू नका, फोडू नका, झटकू नका, जाणत्या माणसाला बोलवा. आणि तुमचे आजोबा जहाजावर, गिरणीत किंवा कारखान्यात कामाला असतील आणि खोकत असतील, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्यापाशी बसा, तुम्ही काय काम करत होता ते विचारा आणि डॉक्टरांना सांगा. जपायचंच असेल तर त्या माणसांना जपा.

मी पिशवीत आहे. गाडी अजून यायची आहे. अख्तरबानूने गोधडी कापून लेकीसाठी दोन जाडजूड मोजे शिवलेत, चांगले रंगीबेरंगी आहेत म्हणे. आधी मला जरा झोंबलं, खोटं कशाला बोलू? पण आत्ताच भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला. ट्रे ओढता ओढता बिलकिस गात आहे, मोठ्याने, एका दमात, आणि कुठे श्वास अडत नाही तिचा. माझ्या हातून तिचं काही वाईट झालं नाही, एवढी चांगली गोष्ट मला उभ्या आयुष्यात कुणी ऐकवली नव्हती.