हिरव्या चौकटीचा कागद

जुना म्हणून मला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, मित्रांनो. मी जुना आहेच. संगणकात राहणारा एक एवढासा प्रोग्रॅम आहे मी, एका फ्लॉपीत मावेन आणि वर जागा उरेल इतका लहान. पण आज मी माझं कौतुक सांगायला बसलेलो नाही. मी रागावलो आहे, आणि का रागावलो आहे ते ऐकून घ्या.

बल्गेरियाच्या डोंगराळ मुलखात, आर्दा नदीच्या काठी आमचं गाव आहे. इथे माणूस गेला की घरचे लोक दोनकाच्या छपाईच्या दुकानात येतात. दोनका गेलेल्याचं नाव, वय, दोन ओळी आणि दफनाची वेळ माझ्यात भरते. मी त्याभोवती चौकट आखतो. ख्रिस्ती असेल तर काळी, मुसलमान असेल तर हिरवी. छापलेले कागद मग घराच्या दारावर, बसथांब्यावर, बेकरीच्या काचेवर, विजेच्या खांबावर लागतात. येणारे-जाणारे थांबतात, वाचतात आणि कुठे, कधी जायचं ते ठरवतात. चौकटीचा रंग लोक नावाच्याही आधी बघतात. काळी म्हणजे दफन बहुधा उद्या. हिरवी म्हणजे आजच. हिरवी दिसली की माणूस हातातली पिशवी शेजाऱ्याकडे देऊन तसाच निघतो.

एवढंच माझं काम. यापलीकडे मला काही येत नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मला दोनकाच्या नवऱ्याने, मेतोदीने लिहिलं. कापडगिरणी बंद पडली, तिथल्या संगणकखोलीतली त्याची नोकरी गेली, आणि त्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात, खारवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी बसून त्याने मला घडवलं. लिहायचा थोडं, खोडायचा जास्त.

"अरे मेतोदी, काहीतरी शोभेचं घाल की त्यात," दोनका म्हणायची. "फुलं, कबुतर, काहीतरी!"

"कबुतराला कोण विचारतंय? लोकांना दफन किती वाजता ते बघायचं असतं."

"आणि पुढच्या वर्षी? काही बदलावं लागेल ना यात?"

"माणसांची मरायची पद्धत बदलली तर सांग. लगेच बदलतो."

पद्धत काही बदलली नाही, म्हणून मीही बदललो नाही. दोनकाचा कागद वेळेवर लागतो, असं लोक म्हणायचे. ते कौतुक माझं होतं, पण माझं नाव कुणी घेत नसे आणि मला त्याचं काही वाटत नसे. पुढे मेतोदीच गेला. दोनकाने त्याचं नाव माझ्यात भरायला घेतलं, पहिलं अक्षर टाकलं आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. मी थांबलो. मी कधीच कुणाला घाई करत नाही. ज्याने मला चौकट आखायला शिकवलं त्याचीच चौकट त्या दिवशी मी आखली.

मग आला क्रुम, मेतोदीचा धाकटा भाऊ. बरीच वर्षं स्पेनमध्ये काढून परतला आणि दुकानात भागीदार झाला. मला बघून त्याला हसूच फुटलं.

"वहिनी, हे दुकान आहे की म्युझियम? जग कुठे पोचलं आणि तू कुठे बसलीस!"

"चालतंय की रे."

"चालतंय म्हणूनच तर मागे राहिलीस!"

या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. लागला कुणाला तर मला सांगा.

त्याने नवा संगणक आणला आणि त्यात नवा प्रोग्रॅम. त्याचं नाव 'चिरंतन'! आता यावर हसावं की रडावं? या चिरंतनाला दर आठवड्याला स्वतःचं रूप पालटायचं असे. आज बटण इकडे, उद्या तिकडे. फोटोतल्या सुरकुत्या पुसून म्हाताऱ्यांना तो नवरदेव करून टाकायचा. आणि छपाई झाली की रडून डोळे सुजलेल्या बाईला पडद्यावर विचारायचा, 'अनुभव कसा वाटला? चांदण्या द्या.' अरे, लाज वाटते का? मला हात असते तर मी तिथल्या तिथे त्याची वायर उपटली असती. पण माझा खोका टेबलाखाली गेला होता आणि त्यावर दोनकाची जिरेनियमची कुंडी बसली होती. बंद यंत्राला ऐकू येत नाही असं मात्र समजू नका. मी सगळं ऐकत होतो.

एका सकाळी रुकिये आली. तिचा नवरा शेरिफ पहाटे गेला होता. बसथांब्याजवळ सूर्यफुलाच्या बिया भाजून विकणारा शेरिफ. त्याच्या बियांची टरफलं सापडणार नाहीत असा खिसा आमच्या गावात नाही. दफन दुपारच्या नमाजानंतर.

"दोनका, लवकर कर गं," रुकिये म्हणाली. "वरच्या मोहल्ल्यात ओग्न्यानला कळायला हवं. तो द्राक्षांच्या मळ्यातून परतताना तिथल्या थांब्यावरचे कागद वाचतो. एकदा घरात शिरला की संपलं, फोन त्याला ऐकू येत नाही. माझी पोरं अजून बसमध्ये आहेत, धाडू कुणाला?"

ओग्न्यान म्हणजे पूर्वीचा बसड्रायव्हर, शेरिफचा सोंगट्यांचा जोडीदार. रोज संध्याकाळी दोघे खेळायचे आणि रोज भांडायचे.

क्रुमने चिरंतन उघडला. पडद्यावर आलं, 'नवी आवृत्ती बसवत आहोत. कृपया संगणक बंद करू नका.'

"होईल, आत्ता होईल," क्रुम म्हणाला.

पडद्यावर एक गोल फिरत राहिला. दोनकाने रुकियेला कॉफी दिली, ती तशीच गार झाली. गोल फिरतच होता. शेवटी एकदाचा तो थांबला, तर नव्या आवृत्तीत हिरवी चौकटच नाही! काळी होती, सोनेरी होती, गुलाबी पाकळ्यांचीसुद्धा होती. क्रुमने घाम पुसत काळी छापली. तिच्यावर आपोआप क्रॉस उमटला.

"हे काय?" रुकियेने कागद ढकलून दिला. "क्रॉस? माझ्या शेरिफच्या डोक्यावर?"

"काकू, क्रॉस कात्रीने कापून टाकू. नाव बरोबर आहे ना? लोक नाव वाचतील."

"नाव जवळ आल्यावर वाचतात, मेल्या! लांबून रंग बघतात. काळा दिसला की म्हणतील, उद्या जाऊ. उद्या कुणाला पुरायचंय, तुला?"

दोनकाने कुंडी बाजूला सारली, मला ओढून वर घेतलं, छपाई यंत्राची वायर चिरंतनातून उपटून माझ्या पाठीत खुपसली आणि बटण दाबलं. मी जागा झालो. नाव? वय? वेळ? चौकट? मी एवढंच विचारलं. तिने रुकियेसाठी दुसरी कॉफी उकळेपर्यंत हिरव्या कागदांचा गठ्ठा तयार होता.

क्रुम कागद घेऊन पळाला. बाजार, बेकरी, नदीवरचा पूल. वरचा मोहल्ला सगळ्यात लांब, म्हणून तो शेवटी. बाजारातले लोक दुकानं उघडी टाकून गेले. पण ओग्न्यान तोवर थांब्यावरून पुढे गेला होता. रिकामा खांब बघून, आज कुणी गेलं नाही म्हणून समाधानाने घरी जाऊन जेवला. शेजाऱ्याने आत शिरून कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा तो धावत सुटला. पोचला तेव्हा माती सारखी करून लोक परत फिरत होते.

तिथून तो थेट दुकानात आला, टोपी हातात.

"कुणी उशीर केला?" तो ओरडला. "जन्मभर माझ्याशी सोंगट्यांत लबाडी केली त्याने! एक मूठ माती टाकायची होती मला. एक मूठ! तेवढंही जमलं नाही तुम्हाला?"

तेवढ्यात चिरंतनाचा पडदा उजळला, 'नवी आवृत्ती यशस्वी. अनुभव कसा वाटला?' ओग्न्यानला ऐकू येत नसलं तरी वाचता येतं. त्याने ते वाचलं, टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला.

आता मी पुन्हा टेबलावर आहे आणि कुंडी चिरंतनावर. क्रुम अधूनमधून म्हणतो, "वहिनी, यात निदान कबुतर तरी..."

"हात लावून बघच," दोनका म्हणते.

पण माझा राग गेलेला नाही, मित्रांनो. मी राहतो तो खोका म्हातारा झाला आहे, त्याचा पंखा घरघरतो. मला जपायचं म्हणजे माझी एक प्रत दुसऱ्या खोक्यात ठेवायची, बस्स. तेवढंही कुणी केलेलं नाही. नवं आणा, खुशाल आणा. पण नीट चाललेल्याला टेबलाखाली ढकलण्याआधी, तुमच्या हौसेपायी कुणाचा खोळंबा होणार आहे ते बघा.

रुकिये शेरिफच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेचा कागद करायला आली, तेव्हा ओग्न्यान सोबत होता. मी छापलेला पहिला हिरवा कागद त्याने स्वतः उचलला.

"वरच्या थांब्यावर हा मीच लावणार," तो म्हणाला.

आणि लावलाही. पण शेरिफच्या कबरीवर टाकायची त्याची ती मूठ राहिली, ती राहिलीच.