पाचवा प्रश्न

सन २०२०. जून उजाडला, शाळा भरली म्हणाले, पण भरली ती मोबाईलमध्ये. वाळवा तालुक्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या गावात शाळेच्या फाटकाला कुलूप होतं आणि मैदानात गुडघाभर गवत वाढलं होतं. त्याच महिन्यात एका सकाळी माझी थोरली जाऊ धोंडुबाई अंगण ओलांडून माझ्या दारात आली. एका हाताला नात, दुसऱ्या हातात मोबाईल. वाटण्या झाल्यापासून ती माझ्याकडं काही मागायला आली नव्हती.

"रंगू, हिला जरा दावतीस का? ह्यातनं सर बोलत्यात, पर हिच्या टकुऱ्यात काय शिरंना. मला काय कळतंय त्यातलं?"

"मला काय कळतंय." हे वाक्य मी एकोणपन्नास वर्षं ऐकत होते.

१९७१ साली मी वीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली, लग्नाला दोन वर्षं, नवरा फौजेत. त्यांना पत्रानं विचारून मी साताऱ्याच्या अध्यापक विद्यालयात अर्ज केला होता. जून संपला, काहीच उत्तर आलं नाही. नंबर लागला नसेल म्हणून मी गप्प बसले. पुढच्या वर्षी पोस्टमन दारात थांबला आणि म्हणाला, "काय वो ताई, साताऱ्याला गेला न्हाईसा? पाकीट आणलं हुतं की. थोरल्या वहिनींनी माझ्याकडनंच वाचून घेतलं. नंबर लागलाय, आठ दिवसांत हजर व्हा म्हणून हुतं."

मी घरात सगळ्यांसमोर विचारलं. आक्का, म्हणजे धोंडुबाई, भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कागद हुता कसला तरी. चूल पेटंना, घातला. मला काय वाचाय येतंय? त्यो पोस्टमन म्हातारा झालाय, काय बी बोलतोय." सासूबाई म्हणाल्या, अडाणी बाईवर आळ घेऊ नये. दीर म्हणाले, शिकल्याचा माज आहे. सुट्टीवर आलेले माझे यजमान म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी विश्वजीत पोटात होता. पोस्टमन वारला. मग माझं खरं म्हणणारं कुणीच उरलं नाही. मला तिच्याकडून दुसरं काही नको होतं. "मला ठाऊक होतं" एवढं तिनं तिच्या तोंडानं, चार माणसांत म्हणावं, इतकंच.

आणि आता ती माझ्या दारात उभी होती. तिचा मुलगा लालासाहेब साखर कारखान्यात, दिवसभर बाहेर. सून अंकिता कराडच्या दवाखान्यात नर्स. कोरोनाच्या वॉर्डात ड्यूटी, त्यामुळं तिकडंच राहायची आणि रोज फोनवर रडायची, की पोरगी तिसरीत गेली तरी जोडाक्षर वाचता येत नाही. विश्वजीतनं मला व्हिडिओ कॉलसाठी मोबाईल घेऊन दिला होता, म्हणून भावकीतल्या म्हाताऱ्यांत मी हुशार ठरले होते.

"ठेव तिला," मी म्हणाले. "रोज दहा वाजता पाठव."

शिवांजली आठ वर्षांची. दोन वेण्या, नखं कुरतडायची सवय. पहिल्या दिवशी तिनं मला मोबाईल कसा चालवायचा ते शिकवलं आणि मी तिला पुस्तक कसं उघडायचं ते. पुस्तकातल्या चौकटीवर मोबाईल धरला की पाठाचा व्हिडिओ लागायचा. पोरगी तो तोंड उघडं टाकून बघायची आणि संपला की दुसरा लावायची. काय कळलं विचारलं की, "लय भारी हाय." मग मी नियम केला. दोन वाक्यं झाली की थांबवायचं. व्हिडिओतल्या बाई काय म्हणाल्या ते आपल्या शब्दांत सांगायचं. सांगता आलं तरच पुढं. सर ग्रुपवर स्वाध्याय टाकायचे, तो तिला मोबाईलवर न दाखवता मी आधी पाटीवर घालायची. जोडाक्षरांसाठी तिला रोज पाच शब्द घरातून शोधून आणायला लावायची. डब्यांवरची नावं, खताच्या पोत्यावरची अक्षरं, औषधाच्या खोक्यावरची. एकदा ती पळत आली, "रंगूआजी, 'अल्प्राझोलम'! मी एका दमात वाचलं!"

"कुणाचं औषध गं?"

"आजीचं. तिला झोप येत न्हाई."

ते ऐकून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

ऑगस्टपर्यंत पोरगी वाचायला लागली. खडखडीत. तिचे वाचनाचे व्हिडिओ मीच घ्यायची, चुकलेलं कापायची आणि ग्रुपवर टाकायची. बाकी पोरांच्या व्हिडिओत मागनं आईची कुजबूज ऐकू यायची, "म्हण की रं... पुढं म्हण की मुडद्या." आमच्या व्हिडिओत एकटी शिवांजली. इंद्रजित सरांनी ग्रुपवर लिहिलं, "घरी कोण शिकवतं हिला? त्यांना माझा नमस्कार." अंकितानं फोन केला आणि पाच मिनिटं नुसतं "काकी, काकी" करत राहिली.

सगळ्यांना वाटलं, म्हातारी विरघळली. झालं उलटंच. पोरगी एकेक धडा वाचत गेली तसा माझा राग वाढत गेला. तोपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती, की गेले असते तरी साधीच मास्तरीण झाले असते, बिघडलं काय? आता मला दिसत होतं मी काय झाले असते. दोन महिन्यांत एका पोरीला वाचतं केलं. पस्तीस वर्षांत किती पोरं वाचती झाली असती? दुपारी शिवांजली गेली की मी तो हिशेब करत बसायची आणि समोरच्या ओट्यावर आक्का निवांत शेंगा फोडत बसलेली असायची.

सप्टेंबरात सरांनी उपक्रम टाकला. घरातल्या आजीची किंवा आजोबांची मुलाखत घ्या. पाच प्रश्न विचारा, तीन मिनिटांचा व्हिडिओ करून ग्रुपवर पाठवा.

चार प्रश्न शिवांजलीनं स्वतः काढले. तुमचं बालपण कुठं गेलं, तुम्ही कोणते खेळ खेळत होता, तुमच्या आवडीचा पदार्थ कोणता, तुम्ही शाळेत का गेला नाही. पाचवा सुचेना.

"मी लिहिते पाचवा," मी म्हणाले. "तुला आत्ता दाखवणार नाही. न बघितलेलं वाचता येतं का ते बघू."

तिला ते फार आवडलं.

आक्का नवं हिरवं लुगडं नेसून आली, नथ घालून. खुर्चीवर बसली. मी मोबाईल धरला. पहिल्या चार प्रश्नांना तिनं झक्क उत्तरं दिली. शाळेचं विचारल्यावर हसून म्हणाली, "आमाला कोन घालतंय शाळंत? शेरडं राखाय कोन जानार, शाळामास्तर?" शिवांजली खुदकन हसली आणि तिनं पान उलटलं. पाचवा प्रश्न माझ्या अक्षरात होता. तिनं तो एका दमात वाचला, एकही अक्षर न अडखळता.

"आजी, साताऱ्याच्या अध्यापक विद्यालयातून आलेल्या पत्रात काय लिहिलं आहे हे माहीत असूनही तुम्ही रंगूआजीचं पत्र चुलीत का घातलं?"

वाचून झाल्यावर तिला अर्थ लागला. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आजीकडं. हळूच म्हणाली, "आजी, उत्तर द्या की."

आक्का मोबाईलकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. मला वाटलं उठून जाईल, किंवा तेच म्हणेल, मला काय कळतंय. ती पदर सारखा करून नीट बसली.

"घातलं," ती म्हणाली. "समदं ठावं हुतं मला. पोस्टमननं दोनदा वाचून दावलं. तू गेली असतीस तर सासू हातरुणात, चार म्हशी, वस्तीवरच्या दहा मानसांच्या भाकरी, समदं माज्या एकटीच्या उरावर. आनि शिकून आली असतीस तर समोर खुर्ची टाकून बसली असतीस आनि मला म्हनली असतीस, आक्का, च्या आना. म्हनून घातलं. पुन्ना तीच येळ आली तर पुन्ना घालीन."

मी मोबाईल खाली केला नाही.

"झालं तुजं?" ती म्हणाली. "आता टाक जा, कुटं टाकायचं हाय ते."

ती उठून गेली. शिवांजली वही छातीशी धरून उभी होती. "रंगूआजी, मी वाचलं ते बरोबर वाचलं ना?"

"एकदम बरोबर," मी म्हणाले.

पाचवा प्रश्न कापता आला असता. कापायचं कसं ते मला चांगलं येत होतं. मी पूर्ण व्हिडिओ ग्रुपवर टाकला. चौतीस घरांत तो गेला, आणि तिथून पुढं दुपारपर्यंत सगळ्या गावात. सरांनी तासाभरात तो काढायला लावला, पण तोवर तो इस्लामपूरच्या पाहुण्यांपर्यंत पोचला होता. भावकीतल्या ज्या बायका मला पन्नास वर्षं आळ घेणारी म्हणत आल्या, त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. एकजण म्हणाली, "आवं, खरंच ठावं हुतं की वो तिला!" मी त्यांना चहा केला. इतका चवीचा चहा माझ्या हातून पुन्हा झाला नाही.

दिवस मावळायच्या आत लालासाहेब कामावरून आला. अंगणापलीकडनं आवाज आला, मग चापटीचा आवाज, मग शिवांजलीचं रडणं. "आजीला आसं इचारायचं असतंय व्हय गं?"

"वहीत लिवलं हुतं! मी नुसतं वाचलं!"

मी उठून दारापर्यंत गेले. पुढं गेले नाही.

सातच्या सुमारास अंकिताचा फोन आला. ती ओरडली नाही. "काकी," ती म्हणाली, "तुम्हाला जे विचारायचं होतं ते तुम्ही विचारायचं होतं. माझ्या पोरीच्या तोंडून कशाला?" मी काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता शिवांजली आली नाही.

आता बाकीच्यांचं सांगते. इंद्रजित सरांची दोन वर्षांनी जत तालुक्यात बदली झाली. तिकडं पोरं घरी कानडी बोलतात, म्हणून स्वतः कानडी शिकतायत असं ऐकलं. लालासाहेबानं त्याच दिवाळीत अंगणात मधोमध भिंत घातली आणि माझ्याशी बोलणं सोडलं. धोंडुआक्का हळदीकुंकवाला जायची बंद झाली. बायका तिच्यासमोर काही बोलत नव्हत्या, पण ती आली की गप्प व्हायच्या. २०२२ च्या जानेवारीत ती झोपेतच गेली. मातीला मी गेले, मागच्या बाजूला उभी राहिले. मला रडू आलं नाही. आणि बरंही वाटलं नाही. बरं वाटेल असं मी धरून चालले होते.

अंकितानं पोरीला कराडला नेलं, तिथल्या शाळेत घातलं. शिवांजली आता आठवीत आहे. स्कॉलरशिपमध्ये जिल्ह्याच्या यादीत आली, पेपरात फोटो होता. यात्रेला गावी येते तेव्हा पाया पडते. मी 'बस' म्हणते. ती म्हणते, "नको, आई वाट बघत असेल."

माझ्याकडं त्या प्रकारानंतर महिनाभर कुणी पोर पाठवलं नाही. मग गल्लीतली एक सून दोन लेकरं घेऊन आली. सरांचे व्हिडिओ त्यांना कळत नव्हते. दारातच थांबून, डोक्यावरचा पदर पुढं ओढत ती म्हणाली, "आजी, नुसतं शिकवायचं हां. मुलाखत न्हाई घ्यायची." मी हो म्हणाले. शाळा उघडेपर्यंत माझ्याकडं अकरा पोरं झाली. आता चार येतात, रविवारी.