समितीत एक बाई हवी

“तुम्हीच उमेदवार म्हणून बसलात, तर समितीत बाई कोण?” संचालकांनी चष्मा पुसत विचारलं. “नियमच आहे. बाई नसेल तर निवडच होत नाही.”

समोर बसलेल्या बाईंना सगळी संशोधन संस्था ‘बुरशीबाई’ म्हणायची. झाडांच्या मुळांना बिलगून राहणारी आणि त्यांना पाणी पोचवणारी एक बुरशी असते. तिच्यावर त्यांनी उभी हयात घालवली होती. वरच्या हुद्द्यावर बाई अशी त्या एकट्याच. म्हणून उपाहारगृहापासून भिंतींच्या रंगापर्यंत प्रत्येक समितीवर त्याच. “तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही,” असं सहकारी हसत म्हणत आणि चहाला मात्र त्यांना न विचारता निघून जात. बैठकीहून परतावं, तर काचेच्या बशीतली बुरशी सुकून गेलेली असे. मग पुन्हा पहिल्यापासून.

आज विभागप्रमुखाची निवड होती. निवृत्तीआधीची ही शेवटची संधी. ते पद मिळालं असतं, तर आपला वेळ कशात घालवायचा हे एकदा तरी त्यांना स्वतः ठरवता आलं असतं.

“बाहेरच्या कुणा बाईंना बोलवा, असं मी मागेच म्हटलं होतं, सर.”

“राहून गेलं हो. आता ऐन वेळी कुठून आणू? समितीत बसणं हाही मानच की. आणि दुसरा उमेदवार तुमच्याच हाताखाली शिकलेला. आज निवड झाली नाही तर जागाच रद्द होईल. मग खापर तुमच्या डोक्यावर फुटेल, बघा.”

बाहेर येऊन त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला. दादा म्हणाला, आता थोडेच दिवस राहिलेत, गोडीत काढ, कशाला वाकड्यात शिरतेस. तुला काय वाटतं, हे काही त्यानं विचारलं नाही.

बैठकीच्या खोलीबाहेर उमेदवारांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांना पाहून दुसरा उमेदवार, त्यांच्याच हाताखाली शिकलेला तो तरुण, उठला.

“मॅडम, आत तुमची वाट बघतायत.”

“मी इथलीच रे,” असं म्हणून त्या बसल्या.

तो एक खुर्ची सोडून बसला. आत बराच वेळ कुजबुज चालली होती. मग एकदा मोठ्यानं हसणं झालं. शेवटी दार उघडलं आणि समितीतले सगळे बाईंकडे न बघता एकेक करून निघून गेले.

“काय मिळवलंत मॅडम?” तरुण हळूच म्हणाला. उत्तराची वाट न पाहता तोही गेला.

शिपाई आवराआवर करायला आला. “बाई, आज काही होत नाही म्हणे. निघा आता.”

“माझी मुलाखतीची वेळ अजून व्हायचीय,” त्या म्हणाल्या. “ती झाली की उठते.”

शिपायानं बाकीच्या खुर्च्या एकात एक घालून उचलल्या. त्यांची तेवढी राहू दिली.