आमंत्रणाचा धडा

माझी थोरली बहीण सुमिराह रोज दुपारी माझ्या खानावळीच्या मागच्या बाकावर बसून मोबाइलवर चिनी अक्षरं गिरवायची. चिनी बोलायला तिला येत होतं. तैवानमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करताना ते कानावर पडलं आणि तिथल्याच माणसाशी संसार मांडल्यावर जिभेवर बसलं. लिहिता मात्र अक्षर येत नव्हतं. संसार मोडला, पोर बापाकडं राहिली आणि ही एकटीच आमच्या गावी, पोनोरोगोला परतली. लारास तेव्हा चार वर्षांची होती. आता पंधराची आहे आणि तिकडं तिला दुसऱ्याच नावानं हाक मारतात.

तिच्या शाळेत आईच्या भाषेचा तास सुरू झाला, म्हणून मायलेकींचं हे चॅट. शाळेतल्या बाई आठवड्याला एक विषय द्यायच्या. जेवणाबद्दल विचारा, घराचं वर्णन करा, बाजारात घासाघीस करा. लारासनं आमच्या भाषेत लिहायचं, सुमिराहनं चिनीत, आणि एकमेकींच्या चुका दाखवायच्या. विषय संपला की "आभारी आहे, इबू" लिहून लारास गायब. इबू म्हणजे आई खरं, पण रस्त्यातल्या कुठल्याही पोक्त बाईला आम्ही इबूच म्हणतो.

"म्बाक, विषय गेला खड्ड्यात. एकदा सरळ विचार ना तिला, घरी येतेस का म्हणून," मी म्हणायचे. मोठ्या बहिणीला आम्ही म्बाक म्हणतो, मग तिला कितीही झापायचं असलं तरी.

"बुजेल ती. जरा नीट लिहिता येऊ दे मला आधी."

मला संताप यायचा. पोटच्या पोरीशी बोलायला हिला गृहपाठाचं निमित्त लागत होतं.

मग एकदा विषय आला: आमंत्रण द्या, समोरच्यानं ते नाकारावं. सुमिराहनं लुटुपुटीच्या लग्नाचं बोलावणं धाडलं. लारासचं उत्तर आलं, "नाही. मी येणार नाही. मला वेळ नाही."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. सुमिराहला तर शिकवायला काहीतरी मिळालं याचाच आनंद. लिहिता लिहिता मला मोठ्यानं वाचून दाखवत होती. "असं तोंडावर नाही म्हणू नये, बाळ. आपल्याकडं म्हणतात, हो, देवाची इच्छा असेल तर नक्की येईन. आणि मग जायचं नाही."

लारासनं विचारलं, "मग त्यांचं जेवण वाया नाही का जात?"

"नाही गं. बोलावणाऱ्याला कळतं. तो स्वयंपाकच करत नाही."

"किती छान," लारासनं लिहिलं. "म्हणजे कुणीच दुखावत नाही." विषयाबाहेरचं तिचं ते पहिलं वाक्य. सुमिराहनं ते माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं.

त्या वाक्यानं तिला धीर आला. ईद जवळ आल्यावर तिनं आपणहून लिहिलं, ईदला घरी ये, तुझ्या बाबांशी मी बोलते. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "हो इबू, देवाची इच्छा असेल तर नक्की येईन."

मी ते वाचलं आणि मोबाइल तिच्यापुढं धरला. "म्बाक, हे 'हो' तिकडचं आहे का आपलं इकडचं?"

"तुझी जीभच काळी. तिकडं वाढलेली पोर आहे ती. त्यांच्यात हो म्हणजे हो."

"मग कुठल्या दिवशी येतेस ते तरी विचार."

"पाहुण्याला कधी दिवस विचारतात का? तिला वाटेल, नकोच आहे मी यांना."

आमच्याकडची रीतच तशी आहे.

तिनं नारळाच्या पात्यांच्या पुड्या स्वतः विणून त्यात भात शिजवला. पाळलेली कोंबडी कापून नारळाच्या दुधात रांधली. ईदच्या दिवशी आमच्यात धाकटी माणसं थोरल्यांपुढं गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. सुमिराह दारासमोर खुर्ची टाकून बसली आणि पायाशी नवी उशी मांडली. माझी मुलं गुडघे टेकायला आली, तेव्हा तिनं ती उशी बाजूला घेतली आणि त्यांना जमिनीवरच टेकू दिलं. मला ते लागलं.

सकाळी येणारा-जाणारा विचारत होता, "लेक कुठवर आली?" दुपारनंतर कुणी विचारेना. सगळ्यांना कळलं होतं. गावाला न सांगता कळतं, आणि त्या दिवशी मला त्या शहाणपणाची चीड आली. अंधार पडला तरी सुमिराह खुर्चीतून हलली नाही. तिच्याकडं बघून मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लारासचा निरोप आला. विषय नव्हता, आपणहून लिहिलं होतं. सुमिराहनं वाचून मोबाइल माझ्या हातात दिला. "ईद मुबारक, इबू. तुला कळलं होतं ना? मी बरोबर म्हटलं होतं ना?"

मला त्या पोरीवर रागावताही येईना. शिकवलं तेच तिनं केलं होतं, आईचं मन राखायला.

सुमिराहनं डोळे पुसले आणि एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं. मला चिनी वाचता येत नाही.

"काय लिहिलंस?"

"कळलं होतं, म्हणून लिहिलं." तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. रस्सा रात्रीतून आंबला होता. "आणि स्वयंपाक केलाच नव्हता म्हणून."