धीराचं पेट्रोल

हॉस्पिटल टेकडीवर आणि गाडी सत्तावीस वर्षांची. त्यामुळे तिथल्या लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या सुनेची रोजची सकाळ जीव मुठीत धरूनच सुरू व्हायची. सपाटीवर गाडी गुणी बाळासारखी चालायची. पण पाण्याच्या टाकीपाशी चढ लागला, की इंजिनातून आवाज सुरू. पत्र्याच्या डब्यात सुके वाटाणे हलवावेत तसा. टकटक, टकटक. मग तिसरा गिअर सोडून दुसरा टाकायचा, मागच्यांचे हॉर्न ऐकायचे आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचं, "चल गं बाई, एवढं वळण काढ."

गाडी तिच्या सासऱ्यांची. चाळीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं. सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणत. पत्रे ठोकण्याच्या आवाजात कान हळूहळू गेले. पूर्णच गेले तेव्हा त्यांनी गॅरेज दुसऱ्याला दिलं, चावी सुनेच्या हातात ठेवली आणि खिडकीजवळची खुर्ची धरली. त्यांच्याशी बोलायचं तर कागदावर लिहावं लागे. घरातले आधी पानभर लिहीत, पुढे ओळभर, आणि आता फक्त 'जेवायला चला'.

एका संध्याकाळी पंपावर साधं पेट्रोल संपलेलं होतं. पंपावरची बाई म्हणाली, "प्रीमियम आहे. टाकू?"

काटा तळाला टेकला होता. "टाका," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी आली, तसे सवयीने तिचे खांदे आखडले. हात गिअरवर गेला. आवाज आलाच नाही. वळण आलं, तरी गाडी तिसऱ्यातच वर चढत राहिली, कुणी मागून हात लावावा तशी. त्या रस्त्यावर तिला पहिल्यांदाच इतर काही ऐकू आलं. मागच्या सीटवर डब्यातला चमचा किणकिणत होता. कडेच्या शाळेत मुलं पाढे म्हणत होती. वर पोचल्यावर ती इंजिन बंद करायचं विसरून तशीच बसून राहिली.

सपाटीवर मात्र फरक शून्य. गाडी पळायची तेवढीच पळे. टाकीतलं प्रीमियम संपलं, साधं भरलं आणि चढावर वाटाणे पुन्हा हलू लागले.

"मनाचे खेळ," नवरा म्हणाला. "महागाचं औषध घेतलं की ताप उतरल्यासारखा वाटतोच. तसंही ती गाडी आता विकायचीच आहे."

पण सून लॅबमधली. एका तपासणीवर तिचा विश्वास बसत नसे. तिने पुन्हा प्रीमियम भरलं, आवाज गेला. पुन्हा साधं भरलं, आवाज आला. तेव्हा रविवारी सकाळी तिने एक कोरा कागद घेतला, दोन्ही बाजू भरून लिहिलं आणि खिडकीपाशी जाऊन सासऱ्यांच्या हातात दिला.

मेस्त्रींनी दोनदा वाचलं. "किती दिवस झाले?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं.

तिने एक बोट दाखवलं. एक वर्ष.

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने कसनुसं होत स्वतःच्या कानाला हात लावला.

"ऐकायला कानच लागतात होय?" म्हणत ते उठले आणि बूट घालू लागले.

चढ लागताच शेजारच्या सीटवरून त्यांनी गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. टकटक सुरू झाली. त्याच क्षणी म्हातारबोवांचं एक बोट दांड्यावर उठू-पडू लागलं. टक, टक, टकटक. तिला ऐकू येत होतं अगदी त्याच तालात!

वर झाडाखाली त्यांनी डिकीतली हत्यारं काढून तिच्या हातात दिली आणि बॉनेट उघडलं.

"आत सेकंदाला ऐंशी-शंभर ठिणग्या पडतात," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी पेट्रोलने ठिणगीची वाट बघायची आणि मग पेटायचं. पण इंजिन जुनं झालं, आत काजळी साचली, चढावर तापलं, की साध्या पेट्रोलला दम निघत नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! थोडं आधीच भडकतं आणि टक् करतं. लोकांना वाटतं महागात जोर जास्त. जोर नाही गं, धीर जास्त. नवीन गाडीला एवढ्या धीराची गरज पडतेच असं नाही. हिला पडते."

ती त्या काळ्या, तेलकट लोखंडाकडे बघत राहिली. रोज सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या थेंबात केवढी वस्ती बघायची ती. आणि रोज पायांपुढे हे एवढं चाललेलं, तिला पत्ताच नव्हता.

"चूक माझीच," ते म्हणाले. "ही तरुण होती तेव्हा ओढ जास्त मिळावी म्हणून ठिणगी जरा लवकर लावून ठेवली होती मी. दे तो पाना."

त्यांनी ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल केला, केसभर फिरवला, आवळला. दोघं खाली गेली, पुन्हा चढली. आवाज कमी झाला होता. आता तो त्यांच्या तळव्यालाही लागेना. तिला मात्र वळणावर बारीकसं टक् ऐकू आलं. तिने त्यांचा खांदा दाबला.

"अजून आहे?"

तिने मान हलवली. पुन्हा पाना, पुन्हा केसभर. ती कान, ते हात. तिसऱ्या फेरीला, साध्या पेट्रोलवर, गाडी वळण चढून वर आली. वेग जरासा कमी होता. पण आवाज नव्हता. सून ऐकत राहिली, ऐकत राहिली आणि तिने खांदा दाबलाच नाही. मेस्त्रींनी डोळे उघडले. ते भरून आले होते.

"काजळी काढायला हवी," ते म्हणाले. "उद्या गॅरेजात जाऊ. आणि घरचे सगळे बसले, उन्हाचा चढ असला, तर खुशाल प्रीमियम भर." मग थोडं थांबून म्हणाले, "अजून एकदा खाली जाऊ या."

झालं की सगळं, अशा अर्थाने तिने हात हलवला.

"म्हणून तर," मेस्त्री म्हणाले आणि गिअरच्या दांड्यावर त्यांनी आधी तिचा हात ठेवला, मग त्यावर आपला.